जुलैअखेरचे दोन दिवस आणि पाच माणसं : इगतपुरीत काय करावं, काय सोडावं

डोंबिवलीच्या एका ताईंनी विचारलंय : जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी त्या, त्यांचे मिस्टर, नववीतली मुलगी, सहावीतला मुलगा आणि ६८ वर्षांचे सासरे असे पाच जण इगतपुरीला येणार आहेत. सासऱ्यांना आगगाड्यांचं वेड, त्यांना घाट बघायचाय. मुलीने व्हिडिओ पाहिलेत, तिला अलंग-मदन-कुलंग या तीन गडांचा ट्रेक करायचाय. मिस्टरांच्या यादीत कळसूबाई, हरिहर, भंडारदरा आणि सांदण दरी आहे. गाडी घेऊन यावं की रेल्वेने, आणि यातलं काय-काय जमेल?

ताई, आधी उत्तर देऊन टाकतो. रेल्वेने या. गड एकच करा, त्रिंगलवाडी. बाकीची यादी दिवाळीनंतरसाठी ठेवा. का ते पुढे लिहितो, जरा लांबेल.

मी इगतपुरीच्या रेल्वे कॉलनीत वाढलो. वडील घाटात बँकर इंजिनावर, म्हणजे गाडीला मागून रेटा देणाऱ्या इंजिनावर, होते. गेली बावीस वर्षं मी याच डोंगरांत लोकांना नेतो-आणतो. म्हणजे तुमच्या सासऱ्यांचा प्रश्न आणि मुलीचा प्रश्न, दोन्ही माझ्या घरातलेच.

समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा, इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे, ५ जून २०२५ पासून सुरू झाला. आमण्याहून गाडी काढली की कसारा घाटाखालच्या जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून तुम्ही काही मिनिटांत वर येता. सोय मोठी आहे, मीही वापरतो. पण घाट बघायला निघालेल्या माणसाला घाटाच्या पोटातून आणायचं म्हणजे जेवायला बोलावून डबा हातात देण्यासारखं. जुन्या आग्रा रोडने आलात तर घाट दिसतो, पण शनिवारी सकाळी पुढच्या ट्रकचा मागचा फाळकाच जास्त दिसतो. रेल्वेचा घाट मात्र अजून तसाच आहे.

कल्याणहून सकाळची तपोवन पकडा. वेळ आदल्या दिवशी रेल्वेच्या एनटीईएस अॅपवर बघून घ्या, पावसाळ्यात बदल होतात. आरक्षण काढाच. जनरल डब्यात त्या वेळी नाशिक-छत्रपती संभाजीनगरकडची इतकी गर्दी असते की सासऱ्यांना खिडकी सोडा, उभं राहायला जागा मिळायची नाही. गाडी कसाऱ्याला थांबली की त्यांना सांगा, आता कान मागे ठेवा. मागून इंजिनं येतात, दोन किंवा तीन. शेवटच्या डब्यात असाल तर हलका धक्का बसतो. मग पुढच्या इंजिनाची शिट्टी, तिला मागच्याची शिट्टी, आणि गाडी हलते. हे मागचे ते बँकर. आमच्या घरात ‘बाबा कुठे गेले’ याचं उत्तर ‘बँकरवर’ असंच असायचं, त्यामुळे शाळेत पहिल्यांदा ‘बँकर’चा दुसरा अर्थ कळला तेव्हा मला तो खोटा वाटला होता.

पुढच्या इंजिनात दम नसतो म्हणून मागून ढकलतात, असं बरेच जण समजतात. अर्धंच खरं आहे ते. थळ घाटाची (कसारा घाटाचंच हे दुसरं नाव) चढण ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. देशातल्या ब्रॉडगेज मेनलाइनवर इतकी खडी चढण क्वचितच सापडेल. एवढ्या चढावर अख्खी गाडी पुढूनच ओढली तर सगळा ताण इंजिनामागच्या पहिल्या कपलिंगवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या कडीवर, येतो. ते तुटलं तर मागचे डबे कसाऱ्याकडे सुटायचा धोका. मागून रेटा दिला की ताण वाटला जातो, आणि काही तुटलंच तर डब्यांच्या पाठीशी इंजिन उभं असतं. राजधानीला पुढे-मागे दोन्हीकडे इंजिनं लावतात, वंदे भारतचे मोटर डब्यांतच वाटलेले असतात, म्हणून त्यांना बँकर लागत नाही. सासऱ्यांना गाड्यांचं खरंच वेड असेल तर वंदे भारतने आणू नका. बिचाऱ्यांचा मुख्य कार्यक्रमच बुडेल.

अजून एक गंमत मुलांना सांगा. घाट चढणारी ही गाडी रेल्वेच्या भाषेत ‘डाउन’ आहे, आणि घाट उतरून मुंबईला जाणारी ‘अप’. मुंबईपासून दूर जाते ती डाउन, मग ती आभाळात का चढेना.

कसारा ते इगतपुरी चौदा-पंधरा किलोमीटरचं अंतर, चढ सुमारे तीनशे मीटर. मूळ कामात तेरा बोगदे आणि सहा मोठे पूल होते. त्यातला एहेगावचा पूल दरीपासून पन्नासेक मीटर उंच आहे. गाडी त्यावर आली की डब्यातले सगळे बघायला एकदम एका बाजूला वाकतात. त्या वेळी दारात मुलं नकोत. हे मी शिक्षकासारखं सांगत नाही, बँकरवाल्याचा मुलगा म्हणून सांगतो. आमच्याकडे जेवताना घाटातल्या बातम्या निघायच्या, त्यातल्या कुठल्याच मी इथे लिहिणार नाही.

हा मार्ग १ जानेवारी १८६५ला सुरू झाला. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कले याने पुण्याकडचा भोर आणि आमचा थळ या दोन्ही घाटांची आखणी केली, पण तो १८६२मध्ये गेला. भोर घाट सुरू झाला १८६३ला. दोन्हीपैकी एकाही घाटातून धावलेली गाडी त्याने पाहिली नाही. सुरुवातीला मध्ये एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी एका टोकाला जाऊन थांबायची, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे, आणि मग उलट्या दिशेने वर. विसाव्या शतकात मार्ग बदलून ते काढलं.

१९३०मध्ये घाटात वीज आली. मालगाड्यांना स्विस धाटणीची ती सांधेदार, लांब नाकाची इंजिनं लागली. इंग्रजीत त्यांना क्रोकोडाइल म्हणत, आमच्या शेडमधली माणसं म्हणायची ‘खेकडा’. पावसाळ्यात ओढ्याकाठी खेकडे धरणाऱ्या गावाला मगर कुठून सुचणार? त्यातलं एक, ‘सर लेस्ली विल्सन’, दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. मिस्टरांच्या यादीत भंडारदरा आहे ना, तिथलं विल्सन धरण याच साहेबाच्या, मुंबईच्या तेव्हाच्या गव्हर्नरच्या, नावाचं, १९२६चं. एकाच साहेबाच्या नावाचं इंजिन आणि धरण, आणि दोन्ही आमच्या डोंगरासाठी.

इगतपुरीला उतरलात की लगेच रिक्षा शोधू नका. तासभर फलाटावरच काढा, फार तर फलाट तिकिटाचे पैसे जातील. इगतपुरी हे गावच मुळी गाड्यांना थांबावं लागतं म्हणून वाढलेलं. वर आलेल्या गाडीचे बँकर सोडायचे म्हणून ती थांबते. खाली जाणाऱ्या गाडीचे ब्रेक तपासायचे म्हणून ती थांबते. त्याच्यावर, मी लहान होतो तेव्हा मुंबईकडून डीसी वीज होती आणि भुसावळकडे एसी, म्हणून बहुतेक गाड्यांचं इंजिनच इथे बदलायचं. वीस-वीस मिनिटं गाडी उभी. तेवढ्यात लोक खाली उतरून वडे घेत, नळावर बाटल्या भरत, कुणी चक्क दाढी करून घेत. इगतपुरीच्या वड्याचं नाव झालं ते या वीस मिनिटांमुळे. २००६मध्ये घाटात एसी वीज आली आणि इंजिन बदलणं बंद झालं, तेव्हा फलाटावरच्या धंद्याला बसलेला फटका मी डोळ्यांनी पाहिलाय. वडा अजून मिळतो. कढईतून निघताना बघून घ्या, झाकलेला घेऊ नका.

फलाटावर सासऱ्यांना मुंबईकडे निघालेल्या एखाद्या मालगाडीजवळ उभं करा. ब्रेक तपासताना हवा सुटल्याचा लांब ‘फुस्स’ आवाज डब्या-डब्यातून पुढे सरकत जातो. माणसं खालून वाकून बघतात, हातोडीचा आवाज येतो. ही तपासणी झाल्याशिवाय गाडी घाटात सोडत नाहीत. आणि उतारावर मध्ये कॅच साइडिंग असतं : मुख्य मार्गातून फुटून डोंगराच्या बाजूला चढत जाणारा आणि तिथेच संपणारा एक रूळ. त्याचा पॉइंट, म्हणजे गाडीचा रूळ बदलणारा सांधा, मुळातच त्या बाजूला लावलेला असतो. गाडी ताब्यात आहे याची खात्री पटल्यावरच तिला मुख्य मार्ग मिळतो. सुटलेली गाडी त्या चढावर जाऊन दमते. परतताना उजेड असेल तर असा आडवा चढलेला रूळ दिसतोय का ते मुलांना शोधायला लावा.

एक गोष्ट अजिबात करू नका : रुळांवरून चालत बोगदा किंवा पूल बघायला जाणं. दर पावसाळ्यात दोन-चार टोळकी जातात. रेल्वे कायद्याच्या १४७व्या कलमात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे, पण ती भीती दुय्यम. तीन लाइन आहेत, आवाज डोंगरात घुमतो, आणि धुक्यात गाडी कुठल्या लाइनवर, कुठल्या दिशेने येतेय हे आमच्यासारख्यांनाही सांगता येत नाही.

दुपारी जेवून आराम. पाऊस कमी असेल तर घाटनदेवीला जाऊन या. देऊळ घाटाच्या तोंडाशीच आहे, पूर्वी व्यापारी तांडे इथूनच खाली उतरायचे. धम्मगिरीचा पॅगोडा लांबून दिसतो. १९७६पासून तिथे विपश्यनेची शिबिरं चालतात. आत फिरायला जागा समजून जाऊ नका. बाहेरच्यांना ठरावीक भागापर्यंतच सोडतात, आणि आत दहा दिवस मौनात बसलेल्या माणसांना आपल्या पोरांचा दंगा ऐकवायचं काही कारण नाही. राहण्याची सोय बुक करण्याआधी नकाशावर अंतर मोजा. माझ्याच एका ग्रुपने ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ वाचून पैसे भरले, आणि ते ठिकाण निघालं घोटीच्याही पुढे, रात्री रिक्षावाला यायला तयार नाही.

आता रविवार, म्हणजे गड.

मुलीला सांगा, अलंग-मदन-कुलंग या जुलैत नाही. तिला वाईट वाटेल, पण कारण नीट सांगितलं तर कळेल. १८१८मध्ये इंग्रजांनी या भागातले किल्ले घेतले तेव्हा पुन्हा कुणी वर बसू नये म्हणून वाटा आणि पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. मदनच्या तुटलेल्या पायऱ्यांच्या जागी आज सरळ कडा आहे, तिथे दोर, हार्नेस आणि दोर धरणारी जाणती माणसं लागतात. पावसात तो कातळ शेवाळतो. तीन गड मिळून दोन-तीन दिवस जातात, आणि तेही नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. मला नेहमी या गोष्टीचं नवल वाटतं : ज्या डोंगरात सुरुंग लावून इंग्रजांनी वाटा मोडल्या, त्याच डोंगरात चाळीसेक वर्षांनी सुरुंग लावून त्यांनीच रेल्वेची वाट काढली.

कळसूबाई का नको? १,६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, सगळं मान्य. पण पावसाळ्यातल्या रविवारी बारी गावातून वर जाणाऱ्या शिड्यांवर रांग लागते. भिजलेल्या अवस्थेत, वाऱ्यात, शिडीच्या खाली तासभर उभं राहणं सहावीतल्या मुलाला बाधतं. वर ढगात काही दिसत नाही. हरिहरच्या कोरीव पायऱ्या तर जवळजवळ उभ्याच आहेत. वरून उतरणारे आणि खालून चढणारे समोरासमोर आले की कोण कुठे सरकणार? सांदण दरी पावसाळ्यात बंदच समजा, ती दरी म्हणजे पाण्याची वाट आहे. शिवाय पावसाळ्यात वनखातं आणि जिल्हा प्रशासन कधी कुठल्या ठिकाणी बंदी घालतील सांगता येत नाही, निघायच्या आदल्या दिवशी बातम्या बघा.

त्रिंगलवाडीला इगतपुरीतून जीप ठरवली की पायथा अर्ध्या-पाऊण तासावर. किल्ला सुमारे ३,२०० फूट, पण पायथाच उंचावर असल्याने प्रत्यक्ष चढ दीड तासाचा, मुलांबरोबर दोन धरा. आधी धरणाची भिंत, मग भातखाचरं. तुम्ही याल तेव्हा आवणी, म्हणजे भाताची लावणी, जोरात असेल. गुडघाभर चिखलात ओळीने वाकलेली माणसं, शेजारी रोपांच्या जुड्या. बांधावरून एका रेषेत चाला, खाचरात पाय घालू नका, आणि फोटो काढण्याआधी विचारा. दिवसभर पावसात वाकून काम करणाऱ्या बाईला कुणीतरी कॅमेरा रोखून ‘मावशी, इकडे बघा’ म्हणावं, हे मला तरी बघवत नाही.

पायथ्याशी कातळात कोरलेलं जैन लेणं आहे. दाराच्या चौकटीवरचं कोरीवकाम हात न लावता जवळून बघा. आत ऋषभदेवांची मूर्ती आहे. पावसाळ्यात लेण्यात ओल आणि कधी पाणी असतं, टॉर्च ठेवा. सासऱ्यांनी इथपर्यंत यावं. चाल जवळजवळ सपाट आहे. त्यांच्याबरोबर गावातला एखादा माणूस थांबवा, चहा-भाकरीची सोय तोच करेल. नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा मिळाला तर नाही म्हणू नका, मात्र पोचल्यावर भूक लागल्याचं सांगून उपयोग नाही. चढायच्या आधीच सांगून, पैसे ठरवून जा.

लेण्यावरून वाट पठारावर जाते आणि मग कातळात कोरलेल्या पायऱ्या लागतात. पायऱ्या उंच आहेत, मुलाला हात द्यावा लागेल. चढताना कुणाला काही वाटत नाही, उतरताना वाटतं. तेव्हा तोंड डोंगराकडे करून, शिडी उतरतो तसं उतरा. दरवाजाशी कातळात कोरलेला मारुती भेटतो. वरच्या पठारावर ढग फाटला तर समोर कुलंग, मदन, अलंग आणि त्यापलीकडे कळसूबाई अशी सगळी रांग उभी असते. मुलीला तिथे बसवा. तिला हवे असलेले तिन्ही गड एका नजरेत दिसतील, आणि मदनचा कडा इथूनही कळतो. माझ्याबरोबर आलेल्या निम्म्या पोरांनी त्या रांगेची पहिली ओळख इथूनच करून घेतली आहे.

पाण्याबद्दल एवढंच लक्षात ठेवा. वाटेत ओढे लागतील. स्वच्छ वाहणारं पाणी अचानक गढूळ झालं, त्यात पालापाचोळा यायला लागला, म्हणजे वर कुठेतरी जोरात कोसळलंय, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. त्या क्षणी ओढा ओलांडू नका, ज्या काठावर आहात तिथेच थांबा. एकदा चौदा जणांना घेऊन मी पलीकडच्या काठावर दोन तास बसलो होतो. सगळे चिडले होते, गाडी चुकणार म्हणून एकाने मला बरंच सुनावलंही. पाणी उतरलं, आम्ही आलो. सकाळी जिथे घोटाभर पाण्यातून गेलो होतो तिथला एक मोठा दगड जागेवर नव्हता.

सामानात फार काही नको. खालचा रबर झिजलेले बूट मात्र नकोत. बूट भिजणारच, त्यामुळे ‘वॉटरप्रूफ’वर पैसे घालवण्यापेक्षा कोरडे मोजे दोन जोड जास्त घ्या. छत्री घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात पाच मिनिटं टिकते. कपड्यांचा एक पूर्ण जोड जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून जीपमध्येच ठेवा. सकाळी सातला चढायला लागा, बाराच्या आत खाली या. गावातला वाटाड्या घ्या, धुक्यात पठारावर वाट सापडत नाही. त्याचे पैसे मोबाइलवर द्यायच्या भरवशावर राहू नका, तिथे रेंज येते-जाते, रोख ठेवा.

परतीला संध्याकाळची तपोवन आहे, पण ती नांदेडहून येते, उशीर धरूनच चाला. सासरे दमले असतील तर दुसरा मार्ग बरा : इगतपुरीहून जीपने कसारा आणि तिथून लोकल, ती थेट डोंबिवलीला सोडते, आणि कसाऱ्याहूनच सुटत असल्याने बसायला जागा मिळते. पण मी तुमच्या जागी असतो तर आधी त्यांना विचारलं असतं. घाट चढताना रेटा ऐकला, आता उतरताना ब्रेक ऐकायचाय असं ते म्हणाले तर तपोवनच. मग आरक्षण आजच काढून ठेवा, रविवार संध्याकाळचं ते फार लवकर भरतं.